डाव्या हाताची मुंबई : ताज ते धोबी तलाव, प्रकल्प नोंदी

२ जून

कामाची आखणी झाली. दक्षिण मुंबईतल्या जॅझच्या चार जागा चालत दाखवायच्या : अपोलो बंदरचं ताज, वीर नरिमन रोड म्हणजे जुना चर्चगेट स्ट्रीट, रंगभवन आणि शेवटी धोबी तलाव. तिथून जवळच्या एका खोलीत जुना उभा पियानो आहे. त्यावर अर्धा तास त्या त्या जागेचं, त्या त्या काळाचं वादन. कार्यक्रम सप्टेंबरअखेर, म्हणजे सगळा सराव पावसाळ्यात.

इमारती बहुतेक उभ्या आहेत, गेला तो आवाज. तो परत उभा करायचा तर सुरुवात पियानोवाल्याच्या डाव्या हातापासून करावी लागते, कारण बॉलरूममध्ये नाचणाऱ्यांचे पाय त्या हातावर पडत. या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ त्यालाच द्यायचा.

५ जून

पहिल्या थांब्याचा मजकूर पक्का. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा ताफा घेऊन ताजमध्ये आला. त्याच्यानंतर ट्रंपेटवाला क्रिकेट स्मिथ, आणि मग पियानोवर टेडी वेदरफर्ड. वेदरफर्डचा जन्म १९०३ चा, ताज सुरू झालं तेही १९०३ मध्येच. १९२६ मध्ये शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवत होता. त्याच वर्षी आशियाकडे निघाला, शांघायमध्ये नाव कमावलं, मग मुंबई, पुढे कोलकाता. १९४५ च्या एप्रिलमध्ये कॉलऱ्याने तिथेच गेला. अमेरिकेत राहिला असता तर पियानोवादक अर्ल हाइन्सच्या बरोबरीने त्याचं नाव घेतलं गेलं असतं, असं आमचं ठाम मत आहे.

या लोकांना ऐकून, काहींनी शेजारी बसून वाजवून, गोवेकर वादक तयार झाले. गावच्या चर्चच्या शाळेत त्यांचं नोटेशन आणि व्हायोलिन आधीच पक्कं झालेलं होतं. स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, तेवढा कागदावर लिहिता येत नाही, तो त्यांनी इथे उचलला. १९३९ ते १९६० ताजचा वाद्यवृंद मिकी कोरियाने सांभाळला. सॅक्सोफोनवाला रुडी कॉटन म्हणजे मूळचा पारशी कावसजी खटाव, हे थांब्यावर आवर्जून सांगायचं.

९ जून

डाव्या हाताची पहिली बैठक. शैली स्ट्राइड : पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खाली खर्जाचा एक स्वर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला वर मध्य सीच्या (पियानोच्या मधोमधच्या सीच्या) आसपास तीन स्वरांचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन स्वर. हात सतत खाली-वर.

पेटी वाजवणाऱ्यांना हे जड जातं आणि त्याचं कारण साधं आहे. पेटीत डावा हात भात्यावर असतो, बोटांची सगळी सवय उजव्या हाताला. शिवाय पेटीचा स्वर पट्टी दाबून धरली की हवेवर टिकतो. पट्टी किती वेगाने खाली गेली याने फरक पडत नाही. पियानोत सगळा फरक त्या वेगानेच पडतो. म्हणून पेटीवाल्याने पहिले आठ दिवस उजवा हात मांडीवर ठेवावा.

सरावासाठी चार बारांचं एक चक्र घेतलं, प्रत्येक बार चार मात्रांचा :

सी : खाली सी, वर जी-सी-ई, खाली जी, वर तोच कॉर्ड.
ए सेव्हन : खाली ए, वर जी-सी शार्प-ई, खाली ई, वर तोच.
डी सेव्हन : खाली डी, वर एफ शार्प-सी-डी, खाली ए, वर तोच.
जी सेव्हन : खाली जी, वर एफ-बी-डी, खाली डी, वर तोच.

वरचा कॉर्ड किती थोडा हलतो ते बघा. सीवरून ए सेव्हनला जाताना एकच स्वर बदलतो, मधला सी अर्धा स्वर चढतो. पुढे तिन्ही बोटं जवळच्या जवळ खाली सरकतात. शेवटच्या बदलात डी जागचा हलत नाही. हात वर असा घरातल्या घरात फिरला की लक्ष खालच्या उडीवर देता येतं. प्रत्येक कॉर्ड मूळ स्वरापासून मांडायला गेलात तर हात वरही उडतो, खालीही उडतो, आणि लय मिनिटाला ८० मात्रांच्या पुढे जात नाही.

बोटं : खर्जाला करंगळी, कॉर्डला ५-२-१ (अंगठा १, करंगळी ५).

११ जून

उडी मोजली. मध्य सीच्या दोन सप्तकं खालचा सी ते कॉर्डमधला जी, म्हणजे अकरा पांढऱ्या पट्ट्या, साधारण २६ सेंटिमीटर. लय १२० असेल तर या अंतराला अर्धा सेकंद मिळतो, २०० असेल तर ०.३ सेकंद. हात कमानीसारखा उंच उचलला तर हा वेळ हवेतच संपतो. पट्ट्यांच्या वर दोन बोटं उंचीवरून, आडवा, सपाट जायला हवा.

सराव असा : खर्ज वाजवा, लगेच कॉर्डवर जा, पण वाजवू नका. बोटं पट्ट्यांना टेकवून थांबा, बरोबर जागी आहेत का बघा, मगच दाबा. मग तसंच उलट. लय ४०. प्रवास झटकन, वादन सावकाश. चुकतं ते इथेच : लोक प्रवासही सावकाश करतात, आणि पुढे लय वाढली की हात वेळेवर पोचत नाही. चौथ्या दिवसापासून डोळे मिटून. खालचा सी दोन काळ्यांच्या जोडीच्या डावीकडे, एफ तीन काळ्यांच्या डावीकडे. करंगळीची कड काळीला घासून जागा सांगते.

करंगळी आडवी झोपली तर खर्ज बोदा येतो. टोकावर उभी राहायला हवी, जोर मात्र दंडाच्या वजनाचा. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखलं तर त्या दिवशीचा सराव बंद.

१८ जून

मेट्रोनोम, म्हणजे लयीचे टोले देणारं यंत्र, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावला. लय १२० हवी तर मेट्रोनोम ६० वर. टाळी-खालीची सवय असलेल्यांचा कल पहिल्या टोल्याला सम धरण्याकडे असतो, आणि दोन बारांत ठेका उलटा पडतो. उपाय : आधी तोंडाने मोजायचं, ‘एक’ मनात, ‘दोन’ टोल्याबरोबर मोठ्याने. दोन मिनिटं नुसतं मोजल्याशिवाय हात पट्टीवर ठेवायचा नाही.

दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा कॉर्ड टोल्याबरोबर येतो म्हणून तो जोरात वाजवायचा मोह होतो. तसं केलं की बँडबाजा होतो. खर्ज भरीव आणि लांब, कॉर्ड हलका आणि आखूड. पेडल (स्वर लांबवणारा पायाचा दांडा) पहिल्या मात्रेला खाली, दुसरीला वर. तिसरीला खाली, चौथीला वर. चार मात्रा पेडल धरून ठेवलं तर नाचणाऱ्याला पाय कुठे टाकायचा ते कळणार नाही.

पुढे जायचा नियम : ३२ बारांत खर्जाच्या दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लय चारने खाली. दोन किंवा कमी, सलग तीनदा, तरच चारने वर.

२५ जून

चोर बाजारातून आणलेल्या लाखेच्या सहा तबकड्या धुतल्या. स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव वापरायचं नाही, लाख त्यात विरघळते आणि खाच कायमची जाते. डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने. मधला कागद कोरडा ठेवायचा, लगेच पुसून उभी वाळवायची. सुई ७८ च्या तबकडीचीच हवी, टोक साधारण ३ मिल, म्हणजे इंचाचे तीन हजारांश. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त उचलते.

एका फॉक्सट्रॉटचा (बॉलरूममधल्या एका नाचाच्या संगीताचा) स्वर ए आणि बी फ्लॅटच्या बरोबर मधोमध येत होता, म्हणजे वेग चुकलेला. त्या काळी सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर कापलेल्या नसत. गाण्याची पट्टी कोणती असेल याचा अंदाज वाद्यांवरून बांधता येतो : ट्रंपेट आणि टेनर सॅक्स बी फ्लॅटची, आल्टो ई फ्लॅटचं, म्हणून नाचाच्या वाद्यवृंदांना फ्लॅटच्या पट्ट्या सोयीच्या. बी फ्लॅट, आपली काळी पाच, हीच पट्टी धरली. पाव स्वर चढवायला वेग सुमारे ३ टक्के वाढवावा लागतो, ७८ चे ८०.३ होतात. तसा लावल्यावर लय ११२ ची ११५ झाली. पट्टी न तपासता लय मोजणाऱ्यांची मोजणी अशी घसरते.

आजच्या बॉलरूम नृत्याच्या मापाने स्लो फॉक्सट्रॉट मिनिटाला २८ ते ३० बार, म्हणजे लय ११२ ते १२०. तबकडी बरोबर त्यात बसते. आमच्या फॉक्सट्रॉटची लय ११६ ठरली. क्विकस्टेप हा जलद नाच ५० बारांच्या आसपास, म्हणजे २००. त्याचा वेग डाव्या हाताला किती झेपतो त्यावर ठरवायचा.

४ जुलै

पावसाने पियानोला गाठलं. खोलीतली आर्द्रता जूनच्या सुरुवातीला ६४ टक्के होती, आज ८३. मधल्या सप्तकातला ए ४४० हर्ट्झवरून ४४२.५ वर गेला आहे, दोन्ही टोकांचे स्वर जवळजवळ जागेवर. म्हणजे नुसता चढला नाही, आतल्या आत बेसूर झाला. कारण आवाजाची मोठी फळी. ओल धरून ती फुगते, घोडीला वर ढकलते, तारा ताणल्या जातात, आणि त्याचा परिणाम मधल्या भागात जास्त दिसतो. आत्ता ट्यूनर बोलावण्यात अर्थ नाही. पाऊस ओसरल्यावर फळी बसेल आणि केलेलं सगळं खाली उतरेल.

पियानो बाहेरच्या भिंतीला चिकटून होता. ती भिंत पावसाच्या बाजूची. आतल्या भिंतीकडे हलवला, मागे १५ सेंटिमीटर जागा सोडली. डीह्युमिडिफायर रात्रभर, टाकी सकाळी रिकामी करायची पाळी लावली. खालची फळी काढून आत २५ वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब टांगला, लाकूड आणि फेल्टपासून दूर, घट्ट होल्डरमध्ये. एलईडी इथे निरुपयोगी, त्याला पुरेशी ऊबच नसते. बल्बाने हवा कोरडी राहते ती पियानोच्या पोटापुरती, म्हणून खिडक्या बंद ठेवणं चालूच.

७ जुलै

मध्य सीच्या वरचे डी आणि ई दाबले की वर यायला वेळ लावतात. वरचं झाकण उघडून तपासणी : पट्टी दाबून सोडली, हातोडी बोटाने मागे नेली. हातोडी झटकन परतते, पट्टी मात्र अर्ध्यावर रेंगाळते. म्हणजे हातोडीच्या सांध्याची पिन ठीक, पट्टीखालच्या खिळ्याभोवतीचं फेल्ट फुगलेलं. (उलट असतं, हातोडीच आळसावली असती, तर ते कारागिराचं काम. घरी हात लावायचा नाही.)

पट्टी काढून त्या खाचेतलं फेल्ट खास चिमट्याने अगदी हलकं दाबलं, एकेक दाब, प्रत्येक दाबानंतर पट्टी बसवून बघितली. दोन्ही मोकळ्या झाल्या. जास्त दाबलं तर उन्हाळ्यात त्याच पट्ट्या खुळखुळतील. तेल, मशीनचं तेल, फवारा यांपैकी काहीही नको. फेल्ट ते पिऊन फुगतं आणि चिकट होतं. दुरुस्त केलेल्या पट्ट्यांची नोंद झाकणाच्या आत खडूने केली.

१५ जुलै

दशमं, म्हणजे एक स्वर आणि त्यापासून मोजत गेल्यास दहावा स्वर, अशी जोडी. वेदरफर्डच्या १९३७ च्या पॅरिसमधल्या एकल तबकड्या पन्नास टक्के वेगाने, स्वर न बदलता ऐकल्या. खर्जाचा स्वर एकटा क्वचितच आहे. त्याच्याबरोबर वरचा गंधार, म्हणजे सी आणि पुढच्या सप्तकातला ई. आवाजाला जो भरदारपणा येतो तो याने.

सी ते ई हे अंतर पट्टीच्या मध्यापासून मध्यापर्यंत २१ सेंटिमीटरच्या थोडं वर. सी-ई, एफ-ए, जी-बी ही तिन्ही पांढरी-पांढरी, त्यांपासून सुरुवात. पंजा पोचत नसेल तर ताणायचा नाही, फोडून वाजवायचं : खालचा स्वर मात्रेच्या किंचित आधी, पेडलमध्ये पकडायचा, वरचा नेमका मात्रेवर. बहुतेक जण उलटं करतात, खालचा मात्रेवर आणि वरचा उशिरा. मग प्रत्येक बार मागे खेचल्यासारखा वाटतो.

चालती दशमं, एका मात्रेला एक : सी-ई, डी-एफ, डी शार्प-एफ शार्प, ई-जी. बोटं ५ आणि १, मनगट प्रत्येक वेळी बरोबर नेऊन ठेवायचं. चार मात्रांत सीवरून ईवर पोचलो आणि उडी एकही नाही. लांब स्ट्राइडने हात थकला की असे दोन बार विसाव्याचे, आणि ऐकणाऱ्याला ते सजावट वाटतात.

उजव्या हाताला अष्टकं (एकच स्वर दोन लगतच्या सप्तकांत एकदम), ट्रंपेटसारखी, वाक्याच्या शेवटी थरथर. ती थरथर बोटांनी करायची नसते. किल्ली फिरवल्यासारखा कोपरापुढचा हात फिरतो.

२ ऑगस्ट

दुसऱ्या थांब्याचं वादन वेगळं, आणि ते वेगळं राहिलंच पाहिजे. चर्चगेट स्ट्रीटवरच्या रेस्टॉरंटांचा भर ५० आणि ६० च्या दशकांत होता. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतरही संगीत तिथे टिकलं. गेलॉर्ड अजून आहे. ॲस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये ख्रिस पेरीचा बँड आणि गायिका लोर्ना. १९५८ मध्ये अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत वाजवून गेला, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन.

इथे शेजारी डबल बास असतो. मूळ स्वर त्याचा, पियानोने त्याच्या पायात पाय घालायचा नाही. डावा हात जागेवर बसतो, मूळ स्वर सोडून. बी फ्लॅटमध्ये : सी मायनर नाइनला ई फ्लॅट-जी-बी फ्लॅट-डी. एफ थर्टीनला ई फ्लॅट-जी-ए-डी. बी फ्लॅट मेजर नाइनला डी-एफ-ए-सी. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना फक्त बी फ्लॅट अर्धा स्वर उतरून ए होतो, बाकी तीन बोटं उचलायचीसुद्धा नाहीत. हा कॉर्ड मध्य सीच्या आसपासच. सप्तकभर खाली नेला तर चिखल होतो.

ही मांडणी ताजच्या तुकड्यात घुसता कामा नये. आज दोनदा घुसली. हाताला सोपी पडते म्हणून घुसते, पण १९३६ च्या फॉक्सट्रॉटखाली ती ऐकली की काळाचं सोंग उघडं पडतं.

९ ऑगस्ट

स्विंगचं प्रमाण. मध्यम लयीत मात्रेचे दोन भाग साधारण दोनास एक, संथ लयीत पहिला भाग आणखी लांब, जलद लयीत जवळजवळ समान. २०० च्या क्विकस्टेपमध्ये दोनास एक धरून ठेवलं तर घोड्याच्या टापा ऐकू येतात. तपासायला फोनवर ध्वनिमुद्रण केलं. फोन पियानोवर ठेवू नये, पट्ट्यांची ठकठकच येते. मीटरभर लांब, वेगळ्या स्टुलावर.

२३ ऑगस्ट

रंगभवनचा थांबा. निरंजन झवेरींनी १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला, पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स. उघड्यावरचं प्रेक्षागृह, मागे महाविद्यालय, आजूबाजूला रुग्णालयं. परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि मैफली बंद पडल्या. इथे वादन नाही, पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. शहराने ही जागा गमावली, याची हळहळ लपवायचं कारण नाही.

३० ऑगस्ट

धोबी तलाव. गोवेकरांचे कूड, म्हणजे गावागावांचे क्लब, वादक मुंबईत उतरले की तिथे राहायचे. जेर महालमध्ये फुर्तादोचं वाद्यांचं दुकान. इथून वादक रात्री हॉटेलात जायचे आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत.

मराठी ऐकणाऱ्यांना डाव्या हाताचा पुरावा इथेच देता येतो. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा साथीदार चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचा ट्रंपेटवादक अंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७). १९५१ च्या ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. त्या काळच्या अशा गाण्यांखालचा ताल फक्त डाव्या हाताने वाजवला : खर्ज, कॉर्ड, खर्ज, कॉर्ड, लय ११६ च्या जवळपास. ताजच्या तुकड्यानंतर लगेच हे ठेवायचं, मध्ये बोलायचं नाही. गाणं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचे पाय कुठून आले ते कानाला आपोआप कळेल.

१४ सप्टेंबर

पूर्ण तालीम. फॉक्सट्रॉट ११६ ला, ३२ बारांत खर्जाची एक चूक. क्विकस्टेप २०० ला चार चुका, १९२ ला दोन, सलग तीनदा. १९२ म्हणजे मिनिटाला ४८ बार, नाचता येतो. १९२ पक्का. दुसऱ्या फेरीत दशमं फोडताना पेडल उशिरा आलं, दोन खर्ज कोरडे पडले. पायाची टाच जमिनीवरून उचलली जात होती. टाच टेकलेली, चवड्याने दाबायचं.

आर्द्रता ७४. ए ४४१.५.

२१ सप्टेंबर

कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत बल्ब चालू ठेवायचा. त्या दिवशी लोक येण्याआधी तासभर खोली बंद, डीह्युमिडिफायर पूर्ण. पन्नास माणसांच्या ओल्या छत्र्या बाहेर, दाराशी बादली.

ट्यूनरला ऑक्टोबरचा तिसरा आठवडा सांगितला. उकाड्याने फळी बसलेली असेल, मधलं सप्तक खाली आलेलं असेल. त्याने आधी खडूच्या खुणा असलेल्या डी आणि ई पट्ट्या हलवून बघाव्यात. खुळखुळत असतील तर फेल्ट बदलून मगच सूर लावावेत.